नैरोबीला जाताना सासऱ्यांचं विजयाचं तेल नेता येईल का? (केनियातला भांगेचा कायदा)

जास्वंद७

नमस्कार मंडळी. यांची बदली नैरोबीला झालीय. गणपती उठले की निघायचं. सोबत सासरे आहेत, वय ७४. दोन वर्षांपूर्वी त्यांना नागीण झाली होती. फोड गेले, पण डाव्या कुशीतली आग काही गेली नाही. रात्री सदरा अंगाला लागला तरी ओरडतात. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची, म्हणून आठ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका वैद्यांनी विजयाचं तेल दिलं. ३० मिलीची बाटली, झोपताना जिभेखाली चार थेंब. रीतसर चिठ्ठी, रीतसर बिल. बाबा आता सलग पाच तास झोपतात, आमच्या घरात हा चमत्कारच आहे.

प्रश्न असा की विजया म्हणजे शेवटी भांग. खोक्यावर पानाचं चित्रही आहे. केनियाला नेलं तर चालेल का? यांच्या ऑफिसातले एक जण म्हणाले, "आफ्रिकेत कोण बघतंय, टाका बॅगेत." मला धीर होत नाही. तिथे राहणारं कुणी आहे का इथे?

खुसपट

त्या ऑफिसातल्यांनाच बाटली देऊन पुढे पाठवा. कोण बघतंय ते त्यांचं त्यांना कळेल, आणि तुम्हालाही.

नैरोबीकर_जुना

नेऊ नका. उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागून.

एकोणीस वर्षं इथे आहे. या झाडाचं नाव तुम्हाला इथे नव्याने शिकावं लागणार नाही. स्वाहिलीत 'बंगी', आणि इथले इंग्रजी पेपर तर सरळ 'भांग' छापतात. 'इतके स्टोन भांग पकडली' अशी बातमी आठवड्याला एक तरी असतेच. स्टोन म्हणजे दाबून, चिकटपट्टीत गुंडाळलेली वीट. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला महाशिवरात्र आठवली होती. पण आपल्या डोक्यातली भांग म्हणजे पाट्यावर वाटलेली पानं, बदाम, बडीशेप, दूध. इथली भांग म्हणजे ओढायचा गांजा. आणि कायद्याला यातलं काहीच चालत नाही, त्याची तयार द्रव्यं आणि तेलही नाही.

कायदा १९९४ चा आहे, अमली पदार्थ आणि मनोप्रभावी द्रव्यांच्या नियंत्रणाचा. त्यात स्वतःपुरती भांग बाळगली तरी १० वर्षांपर्यंत कैद होती. २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांच्या कारकिर्दीच्या शेवटी दुरुस्ती झाली आणि ती शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख शिलिंगपर्यंत दंड अशी झाली. १ लाख शिलिंग म्हणजे आपले साधारण ६५ हजार रुपये. लोकांनी एवढंच वाचलं आणि केनियाने भांग सैल सोडली असं पसरलं. तुमच्या ऑफिसातल्या गृहस्थांनी बहुतेक हेच ऐकलं असावं.

जास्वंद७

धन्यवाद. पण मग ५ वर्षं 'पर्यंत' आहे, आणि दंडाचा पर्यायही आहे. आम्ही काही विकायला नेत नाही. चिठ्ठी आहे, वय आहे, आजार आहे. कोर्ट समजून घेणार नाही का? (नेणार नाहीच, पण समजून घ्यायचंय.)

नैरोबीकर_जुना

ताई, गोम तिथेच आहे. आपल्याला वाटतं तस्करी म्हणजे विक्री. इथल्या कायद्यातली तस्करीची व्याख्या वाचा: आयात, निर्यात, उत्पादन, खरेदी, विक्री, देणं, पुरवणं, साठवणं, औषध म्हणून पाजणं, वाहून नेणं, पोचवणं. विमानातून बाटली उतरवली की ती आयात. तुम्ही बाबांच्या जिभेखाली चार थेंब सोडलेत तर तेही त्या यादीत बसवता येतं. मी वकील नाही, पण यादी मराठी माणसालाही कळेल इतक्या साध्या शब्दांत आहे.

आणि तस्करीचं कलम २०२२ मध्ये सैल झालं नाही, उलट आवळलं गेलं. १ ते १०० ग्रॅमला किमान ३ कोटी शिलिंग दंड किंवा ३० वर्षं कैद, किंवा दोन्ही. १०० ग्रॅमच्या वर किमान ५ कोटी शिलिंग किंवा मालाच्या बाजारभावाच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते, किंवा ५० वर्षं, किंवा दोन्ही. तुमची बाटली ३० मिलीची. ती कोणत्या रांगेत जाते ते बघा.

'स्वतःपुरतं' हेही आरोपीनेच कोर्टाला पटवून द्यायचं असतं. पटलं तर ५ वर्षांच्या दारातून आत, नाही पटलं तर दुसऱ्या दारातून.

चिठ्ठीबद्दल: औषध म्हणून कायदेशीरपणे दिलेल्या द्रव्यांना कायद्यात वाट आहे, पण ती इथल्या परवान्यांतून आणि इथल्या नोंदणीकृत डॉक्टरांतून जाते. पुण्याच्या वैद्यांची मराठी चिठ्ठी विमानतळावरचा कस्टमवाला वाचणार कशी, आणि वाचली तरी तिला मान का देणार?

काळा_कोट

मुंबईत याच प्रकारचे खटले चालवतो, म्हणून दोन शब्द.

आपल्याकडच्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया व्याख्येतून वगळल्यात. त्या फटीतूनच आपली भांग जगली. बनारसला सरकारी ठेके आहेत, आणि आयुर्वेदिक कंपन्या पानांच्या अर्काला 'विजया' म्हणून परवाना घेतात. महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याखाली येते, म्हणजे मोकळी नाहीच, पण तो वेगळा विषय.

दुसरा फरक वजनाचा. आपल्याकडे १ किलोपर्यंत गांजा 'अल्प', २० किलो 'व्यापारी', आणि शिक्षेचे टप्पे त्यावर ठरतात. अल्प असेल तर वर्षभरापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड. वकिलाला निदान काटा हातात मिळतो. केनियात स्वतःपुरतं किती, याला वजनाची रेघच नाही. रेघ आहे ती तस्करीत, आणि ती १ ग्रॅमपासून सुरू होते. आमच्याकडे ज्यावर जामीन अर्ज टाइप करायलाही कंटाळा येतो, तेवढ्या वजनावर तिथे ३० वर्षं छापलेली आहेत.

मात्र छापलेली शिक्षा आणि झालेली शिक्षा यात अंतर असतं. २०२२ च्या आधी तस्करीला १० लाख शिलिंग किंवा बाजारभावाच्या तिप्पट दंड, आणि शिवाय जन्मठेप असं लिहिलेलं होतं. तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की 'शिक्षेस पात्र राहील' याचा अर्थ ती कमाल मर्यादा आहे, जन्मठेप दिलीच पाहिजे असं नाही. मालाच्या किमतीचं प्रमाणपत्र अधिकृत अधिकाऱ्याने दिलेलं नाही म्हणून अपिलात दंड गळून पडल्याचीही उदाहरणं आहेत. माल मॅजिस्ट्रेटसमोर तोलणं, नमुने काढणं, सरकारी केमिस्टचा अहवाल, ही साखळी तिथेही आहे आणि ती तुटली की आरोपीला फायदा मिळतो. पण हे सगळं अपिलात. तोवर माणूस आत असतो. ७४ वर्षांच्या माणसाने अपिलाच्या भरवशावर प्रवास करू नये.

खुसपट

शब्दकोशाची चैन बघा: स्वाहिलीत वकिलाला 'वाकिली' म्हणतात, औषधाला 'दावा' आणि भांगेला 'बंगी'. म्हणजे मराठी माणूस पकडला गेला तर दुभाषाही लागायचा नाही.

नैरोबीकर_जुना

@खुसपट, लाचेलाही 'चाय' म्हणतात. तोही शब्द तुम्हाला येतोच.

शालनमावशी

मी पंचवीस वर्षं नैरोबीत पार्कलँड्सला काढली, आता ठाण्याला लेकीकडे असते. जास्वंद, तेल तर नेऊच नकोस, पण तिथे गेल्यावर एक गोष्ट लक्षात ठेव. ती मला कुणी सांगितली नव्हती.

आमचा बंगला भाड्याचा, मागे नोकरांच्या खोल्या. तिथे सगळे त्याला 'एसक्यू' म्हणतात. रात्रीचा आस्कारी, म्हणजे राखणदार, गुणी पोरगा होता. मी पाण्याच्या टाकीमागे तुळस लावली होती, कारण पुढच्या अंगणात घरमालकाला कुंड्या नको होत्या. तुळशीला पाणी तोच घालायचा. मला वाटायचं, बघा, परधर्माचा असून किती मनापासून घालतो! एके दिवशी काकांकडे आलेले एक पाहुणे मागे हात धुवायला गेले आणि पांढरे फटक होऊन परत आले. तुळशीच्या मागे कंबरभर उंचीची तीन झाडं. पाच-पाच, सात-सात बोटांची पानं, करवतीसारखी कडा. मी रोज बघत होते ती झाडं! झेंडूचा प्रकार समजत होते.

तुळशीत भांग म्हणतात ती आमच्याकडे शब्दशः उगवली होती.

पाहुण्यांनी सांगितलं की लागवडीचं कलम वेगळं आहे. त्यात लावणारा तर येतोच, पण जागा ज्याच्या ताब्यात आहे आणि ज्याने ती वापरू दिली, तोही येतो. तेव्हाचा दंड अडीच लाख शिलिंग किंवा मालाच्या तिप्पट, नाहीतर २० वर्षांपर्यंत कैद. मी तर मटकन खालीच बसले. काकांनी त्या पोराला बोलावलं. तो रडायलाच लागला, म्हणाला, मामा (तिकडे मोठ्या बाईला असंच म्हणतात), रात्री थंडी वाजते. झाडं उपटून टाकली. त्याला कामावरून काढला नाही, पण तुळस मात्र मी बाल्कनीत आणली. अजूनही कुणी 'माझी बाग बघा' म्हटलं की मी आधी टाकीमागे जाऊन बघते.

दंडुका

काढायला हवा होता. दया दाखवून तुम्ही स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतला असता.

शालनमावशी

@दंडुका, तुम्ही जुलैत नैरोबीला रात्रभर फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसा, मग बोलू.

ट्रान्सपोर्टवाला_भाऊ

माझा अनुभव देतो, बाहेर कुठे नावं-गावं शोधू नका.

माझे तीन ट्रक पश्चिम केनियात चालायचे. भांग तिकडून येते ती मुख्यतः सीमेवरून: टांझानियाच्या बाजूने मिगोरीकडून, युगांडाकडून बुसियाकडून, आणि उत्तरेला इथिओपियाकडून मोयालेमार्गे. माझा माल भुईमुगाच्या शेंगा. ड्रायव्हर जुना, विश्वासाचा. टर्नबॉय नवा. (टर्नबॉय म्हणजे आपला क्लीनर.) वाटेत एका नाक्यावर पोलिसांनी गाडी बाजूला घेतली. त्यांच्याकडे छत्रीच्या काडीएवढी जाड, हातभर लांब सळई असते. ती पोत्यात खुपसायची, बाहेर काढायची, टोक नाकाशी न्यायचं. अकराव्या पोत्यात सळई अडली. शेंगांत सळई अडत नाही हो. आत नऊ स्टोन निघाले, खाकी चिकटपट्टीत गुंडाळलेले, वरून कॉफीची पूड चोपडलेली.

टर्नबॉय शेतात पळाला. ड्रायव्हर, ज्याला काही माहीत नव्हतं, तो आत. वाहतूक म्हणजे तस्करी, वर नैरोबीकरांनी यादी दिलीच आहे. गाडी मुद्देमाल म्हणून आवारात उभी राहिली सात महिने. पहिल्या महिन्यात बॅटरी गेली, तिसऱ्यात स्टेपनी, आणि सोडवून आणली तेव्हा सीटच्या स्पंजमध्ये कोंबडीने अंडी घातलेली होती. अंडी मी मोजली, सहा. ड्रायव्हरला जामीन मिळाला, कारण २०१० च्या राज्यघटनेत जामीन हा हक्क म्हणून लिहिलाय. पण जामिनाची रक्कम उभी करायला मला दुसरी गाडी गहाण टाकावी लागली. शेवटी सुटला तो, संशयाचा फायदा मिळून. पण त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. किसूमूजवळ मासे विकतो आता.

जास्वंद७

बाप रे. भाऊ, अंड्यांवर हसू आलं आणि लगेच लाज वाटली.

मोकळा_श्वास

सगळे भीतीच घालताय, म्हणून दुसरी बाजू. तिथल्या नाकाडा या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या पाहणीनुसार १५ ते ६५ वयाचे ५,१८,८०७ केनियन लोक भांग ओढतात. पाच वर्षांपूर्वीच्या पाहणीच्या जवळपास दुप्पट प्रमाण. या सगळ्यांना ५-५ वर्षं आत घालणार? तुरुंग कमी पडतील.

आणि बदलाची मागणी काही आजची नाही. किब्राचे खासदार केन ओकोथ यांनी २०१८ मध्ये भांग कायदेशीर करण्याचं विधेयक आणायची तयारी केली होती. पुढच्याच वर्षी कर्करोगाने ते गेले. २०१९ मध्ये नैरोबीच्या उच्च न्यायालयाने जटा ठेवल्या म्हणून शाळेने बाहेर काढलेल्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला आणि रास्ताफारी (जटा राखणारा, भांग पवित्र मानणारा पंथ) हा धर्म आहे हे मान्य केलं. त्याचाच धागा धरून २०२१ मध्ये रास्ताफारी मंडळींनी घरात आणि प्रार्थनेच्या जागी भांग वापरू द्या म्हणून याचिका टाकली. युक्तिवाद साधा आहे: आमचा धर्म मान्य, मग आमचा प्रसाद गुन्हा कसा? आपल्याकडे शिवरात्रीला हा प्रश्न विचारायचीही गरज पडत नाही.

दंडुका

आणि ते प्राध्यापक? वाजाकोया? त्यांचं नाव विसरलात वाटतं.

मोकळा_श्वास

विसरलो नाही, मुद्दाम टाळलं. :)

नैरोबीकर_जुना

टाळू नका हो, २०२२ ची निवडणूक त्यांच्यामुळे तर सुसह्य झाली. जॉर्ज वाजाकोया, रूट्स पार्टीचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार. डोक्याला फडकं, ढगळ सदरा, माजी पोलीस आणि वकील. जाहीरनामा असा: भांग पिकवून निर्यात करायची, सापाचं विष विकायचं, कामाचा आठवडा चार दिवसांचा करायचा, आणि त्या पैशातून चीनचं कर्ज फेडायचं. मटाटूंच्या, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसच्या, मागे त्यांची चित्रं. आमच्या ऑफिसातला शिपाई, जो आयुष्यात सिगरेट ओढला नाही, तो छातीवर त्यांचा बिल्ला लावून यायचा. सभांना ही गर्दी. मतमोजणीत मिळाली ६१,९६९ मतं, अर्धा टक्काही नाही. सभेला आलेले सगळे बहुतेक चार दिवसांच्या आठवड्यासाठी आले होते आणि मतदान नेमकं मंगळवारी होतं.

गंमत सोडा. त्याच वर्षी, निवडणुकीआधी, संसदेने ३ कोटी आणि ५ कोटींचे दंड असलेली दुरुस्ती मंजूर केली होती. म्हणजे रस्त्यावर भांगेचं गाणं आणि कायद्याच्या पुस्तकात ३० वर्षं. हा देश मला तिथे फार आपल्यासारखा वाटतो.

काळा_कोट

इतिहासाचा एक धागा जोडतो, कारण तो आपल्यापर्यंत येतो. बंगी हा शब्द तिकडे रेल्वे बांधायला गेलेल्या आपल्या मजुरांनी नेलेला नाही. तो त्याच्या कितीतरी आधी गलबतांबरोबर किनाऱ्यावर गेला. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात भांग-गांजावर आयोग नेमला. मुंबई इलाख्यासकट सगळीकडे फिरून हजारावर साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की माफक वापराने विशेष अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा आणि परवाने द्या. जाडजूड खंड छापले. आणि जेमतेम वीस वर्षांनी, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर, त्याच इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत भांगेवर बंदी घातली. तिकडच्या व्यवहारात तेव्हा आपला रुपया चालत होता, आपले कायदे लावले जात होते, पण हा अहवाल मात्र कुणी बोटीत चढवला नाही.

मोकळा_श्वास

वा, हे माहीत नव्हतं.

खुसपट

युगांडाची गंमत कुणी सांगितली नाही. त्यांचा अमली पदार्थांचा २०१५ चा कायदा २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने रद्द केला. कारण काय, तर संसदेत तो मंजूर झाला तेव्हा गणपूर्ती आहे की नाही ते तपासलंच नव्हतं! कोर्टात गेले होते मिराचे शेतकरी आणि व्यापारी. आमच्या सोसायटीच्या सभेत कोरम नसला तर अर्धा तास थांबून परत तीच सभा घेतात, यांनी तेवढंही केलं नाही. मग त्याच वर्षी नवा कायदा आणला.

आंबेडाळ

मिरा म्हणजे?

नैरोबीकर_जुना

एका झुडपाचे कोवळे शेंडे. गालात धरून तासन् तास चघळतात, झोप उडते. मेरू भागात याच्यावर गावंच्या गावं चालतात. केनियात हे पूर्ण कायदेशीर, नगदी पीक म्हणून मान्य. दुपारी केळीच्या पानात गुंडाळलेल्या जुड्या घेऊन गाड्या अशा सुसाट सुटतात की ॲम्ब्युलन्सने बाजूला व्हावं. ब्रिटनने २०१४ मध्ये त्यावर बंदी घातली तेव्हा मेरूत सुतक होतं. टांझानियात बंदी आहे, आणि आपल्याकडे त्यातलं कॅथिनोन द्रव्य १९८५ च्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणून जास्वंदताई, उलटा धडाही घ्या: सुट्टीला पुण्याला येताना कुणी 'मिराची जुडी तेवढी पोचवा' म्हणालं तर हात जोडा. भांग इकडे आणायची नाही, मिरा तिकडे न्यायची नाही.

रवांडाने २०२१ मध्ये औषधासाठी भांग पिकवून निर्यात करायचे नियम काढले, पण ते कंपन्यांसाठी, कुंपण आणि पहाऱ्यासकट. किगालीत ओढलीत तर आतच.

दिआनी_लाटा

किनाऱ्यावर एक हॉटेल चालवते, म्हणून पर्यटकांसाठी. वाळूवर पोरं येतात, बांगड्या दाखवतात, मग हळूच कानाशी "बंगी?" घेऊ नका. घेतल्यावर दहा मिनिटांनी पोलीस येतात आणि त्यांना तुमचा खिसा कोणता ते आधीच माहीत असतं, असं मी तीनदा पाहिलंय. आणखी एक: ओढत नसलात तरी जिथे ओढायला लोक जमतात त्या खोलीत बसणं हाही वेगळा गुन्हा आहे, चिलीम-पाइप बाळगणंही. १९९४ च्या कायद्यात त्याला अडीच लाख शिलिंग किंवा १० वर्षांपर्यंत. आणि खोली ज्याची, तोही त्यात येतो. माझ्या हॉटेलात वास आला तर मी आधी दार ठोठावते आणि पाहुण्यांचा मान वगैरे नंतर बघते.

जास्वंद७

सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा बाबांना पूर्ण वाचून दाखवला. अंड्यांशी आल्यावर ते इतके हसले की कूस धरून बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी चार थेंब घेतले तर तू तस्कर? मग तू चिठ्ठी ठेव जवळ, मी बाटली ठेवतो." आणि लगेच, "नको. राहू दे."

तेल इथेच ठेवणार. वेदनेच्या डॉक्टरांकडे सोमवारी जाऊन आलो. एक जुनी गोळी कमी मात्रेत परत सुरू केलीय आणि त्या जागेवर लावायची पट्टी दिलीय. पहिल्या रात्री अडीच तास झोपले, काल साडेतीन. निघायला अजून पाच आठवडे आहेत. या गोळ्यांचं इंग्रजी पत्र, मूळ पाकीट आणि तीन महिन्यांपुरता साठा, एवढं चालेल ना?

नैरोबीकर_जुना

गोळ्यांची नावं डॉक्टरांना कागदावर सुटसुटीत लिहायला सांगा, व्यापारी नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. पत्र हातातल्या बॅगेत, औषध त्याच्याशेजारी. वेदनेच्या काही गोळ्यांवरही नियंत्रण असतं, म्हणून नावं मला व्यक्तिगत निरोपात कळवा, इथल्या एका औषधवाल्याला विचारून सांगतो. आणि दुबईवरून येणार असाल तर मसाल्याच्या डब्यातली खसखसही घरीच ठेवा, तिथे ती चालत नाही. शक्यतो मुंबईहून थेट विमान घ्या.

शालनमावशी

आणि प्लास्टिकच्या पिशव्या काढ सगळ्या! २०१७ पासून बंदी आहे. त्यालाही ४० लाख शिलिंगपर्यंत दंड नाहीतर ४ वर्षांपर्यंत कैद. पापड-कुरडया कापडी पिशवीत बांध. विमानतळावर माझ्या बहिणीच्या सगळ्या पिशव्या काढून घेतल्या आणि ती मेतकूट, भाजणी, गोडा मसाला सगळं एका ओढणीत बांधून बाहेर आली. सहा महिने त्या ओढणीला फोडणीचा वास येत होता.

खुसपट

म्हणजे भांगेचं तेल नेलं तर एक गुन्हा, ते प्लास्टिकच्या पिशवीत नेलं तर दोन.

जास्वंद७

मावशी, पिशव्यांचं खरंच माहीत नव्हतं, अर्धी बांधाबांध त्यातच झालीय! आज सगळं परत सोडते. बाबांनी एक विचारायला सांगितलंय: एसक्यूच्या मागे टाकी असेल तर तुळस बाल्कनीत लावायची हे ठरलं, पण बाल्कनीत ऊन कुठल्या बाजूने येतं?

शालनमावशी

विषुववृत्त आहे गं, डोक्यावरून येतं. कुठल्याही बाजूला लाव.